मावसाजींची तुंबडी

सोमवारी सकाळी मावशीला दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, रक्त लागेल. तपासलेल्यांपैकी जुळलं ते फक्त मावसाजींचं.

रक्ताला इतका भिणारा माणूस आमच्या साऱ्या महाल वस्तीत नव्हता, आणि रक्त काढायची इतकी हत्यारं साऱ्या नागपुरात कुणाकडे नव्हती. भंगारवाल्याकडे कुण्या जुन्या वैद्याचं सामान आलं की मावसाजी रिक्षा करून निघालेच. कातडीवर टेकवून तोंडाने हवा ओढायची शिंगं, पितळी तुंबड्या, कळ दाबताच आतून पाती उसळणारी एक विलायती डबी. त्या डबीची कळ त्यांनी सुतळीने करकचून बांधली होती, तरी तिच्याकडे पाठ करून ते कधी बसत नसत. जळवा ठेवायची चिनी मातीची बरणी आणली, तर मावशीने ती उकळून तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं. मावसाजींनी ते कधी चाखलं नाही. दाढी करताना कापलं तर मावशीला हाक मारून डोळे मिटून बसायचे. आल्यागेल्याला मात्र निरखून सांगायचे, "तुह्या अंगात रक्त जास्त झालं गा. पहिलेचे दिवस असते तं तुंबडी लावली असती." पाहुणा चहा अर्धा टाकून उठायचा.

त्या दुपारी ते "घरून येतो" म्हणून गेले ते येईचनात. डॉक्टर पुन्हा विचारून गेले. मावसाजी आता येत नाहीत, असंच मी धरून चाललो होतो, आणि मावशीला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. मग ते जिन्यावर दिसले. हातात दुपट्ट्यात गुंडाळलेली तुंबडी. स्टोव्हवर उकळून आणली होती, अजून गरम होती. नर्सपुढे धरून म्हणाले, "बाई, हिच्यानं काढा. हिले मी वळखतो. सुई नका लावू."

नर्सने तुंबडी दोन्ही हातांनी घेतली, टेबलावर ठेवली आणि सुई काढली. मावसाजींनी माझं मनगट धरलं. "बोलत राय गा," म्हणाले, "काहीही बोल." मी संत्र्यांचे भाव सांगितले, शेजाऱ्यांची भांडणं सांगितली, सुचेल ते बोलत राहिलो. बाटली भरली तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "तिले पुरन ना एवढं?"

पुरलं.

मावसाजी या उन्हाळ्यात गेले. मावशी आहे.