गोधडी आणि तिघांचा बँड

अमेरिकेला शिकायला निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर माझी बॅग चार किलो जास्त भरली. बाबांनी तिथेच खाली बसून ती उघडली आणि कुकर बाहेर काढला. मग त्यांचा हात कीबोर्डाला गुंडाळलेल्या गोधडीकडे गेला, तशी आई म्हणाली, "ती राहू द्या. पेटीला लागेल." माझा सिंथेसायझर आईच्या लेखी आजही पेटीच आहे.

शिकले, नोकरीला लागले आणि कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला शिरीष आणि मेघना भेटले. शिरीष पुण्याचा, तो गायचा. मेघना मुंबईची, ती ड्रम मशीन सांभाळायची. शिरीषच्या गॅरेजमध्ये आम्ही न्यू वेव्ह बँड काढला. चकचकीत सूर, ठोकळेबाज ताल, शब्द मराठी आणि चेहरे विनाकारण उदास. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून आईने शिवलेली ती गोधडी दारावर टांगली. तिच्यात आईची निळी साडी होती, बाबांचे जुने शर्ट होते. मी तिच्याकडे तोंड करून वाजवायचे.

पहिला कार्यक्रम तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाला, आरती आणि जेवण यांच्या मधे. "छान हो, पण जरा हळू," असं एक काकू म्हणाल्या. दोन वर्षांनी आम्ही सॅन होजेच्या एका क्लबात वाजवत होतो आणि मराठीचा गंध नसलेली माणसं आमचं धृपद गात होती. इतका आनंद मला डिग्री मिळाल्यावरही झाला नव्हता.

पुढच्याच तालमीला शिरीष म्हणाला, "टेक्सासला, प्लेनोत जॉब घेतलाय यार. मोठं घर मिळतंय तिथे. बँड रिमोटली करू ना."

"बँड म्हणजे काय मीटिंग आहे?" मी म्हणाले. त्यानंतर त्याच्याशी बोलले नाही.

त्याच्या सामानाबरोबर गोधडीही गेली. ती मागायची तर फोन करावा लागला असता, आणि मी हट्टाला पेटले होते. तीन वर्षं आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, "गोधडी धुतेस ना गं?" मी हो म्हणायचे. बँड मोडल्याचं दुःख होतंच, पण हे खोटं जास्त बोचायचं.

यंदा ऑफिसच्या कामासाठी प्लेनोला जायचं निघालं. मेघना म्हणाली, "भेट ना त्याला. किती ताणशील?"

गेले. त्याच्या घरी वरच्या खोलीत भिंतीवर गोधडी होती. एका कोपऱ्यात वेडेवाकडे टाके.

"सामान हलवताना मूव्हर्सनी फाडली. मीच शिवली," शिरीष म्हणाला. "तुला सांगायची भीती वाटली. घेऊन जा आता."

मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, गोधडी दाखवली आणि सगळं खरं सांगितलं. आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन टाके पाहिले. मग म्हणाली, "फार लांब घातलेत. त्याला दे फोन."

अर्धा तास शिरीष आईसमोर सुई घेऊन बसला होता. तिकडून बाबाही सूचना देत होते. पूर्वी घर कुठे असं कुणी विचारलं की मी पटकन नागपूर म्हणायचे. आता थोडा विचार करावा लागतो, आणि त्याचं वाईट वाटत नाही. गोधडी मी शिरीषकडेच ठेवून आले; ती घरातच राहिली असं वाटलं.