बारा दगडांना पाणी

पाथरवटाच्या घरात वाढलेल्या पोरीचे हात कसे असतात हे बघायचे असेल, तर धाकटीचे बघावेत. बोटे आखूड, पेरे जाड, आणि डाव्या अंगठ्याचे नख हातोडा चुकून बसल्यापासून कायमचे काळे. त्या हातांनी तिने वडिलांच्या शेजारी बसून दळायची जाती घडवली, पायऱ्यांच्या कडा काढल्या, उंबरठे घासले. त्याच हातांनी परीक्षा लिहिल्या, दगडांच्या शास्त्रात पदवी घेतली, आणि एके दिवशी परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचे पत्र उघडले. ये, शिकवतो, असे त्यात होते. पण पहिले सहा महिने पारखून बघू, असेही होते. प्रयोगशाळेत हाताला शिस्त दिसली तर पुढची चार वर्षे तुझी. नाही दिसली तर परतीचे तिकीट.

शेजारच्या काकूंना काही हे पटले नव्हते. "दगड शिकायला समुद्रापार कशाला जायचं गं? इथं काय दगडांना तोटा आहे? आमच्या घरात तर माणसंही तीच आहेत," त्या म्हणाल्या, आणि ओट्यावर बसलेले काका ऐकू न आल्यासारखे करून वर्तमानपत्राचे पान उलटत राहिले.

धाकटी गेली.

विद्यापीठ म्हटले की तिच्या डोळ्यांसमोर एक मोठे फाटक यायचे, आणि फाटकाशी अडवणारा माणूस. तिथे फाटकच नव्हते. रस्ता चालता चालता कधी विद्यापीठ झाला, ते तिला कळलेही नाही. ग्रंथालयाच्या काचेच्या दाराजवळ ती गेली तर दार आपोआप बाजूला सरकले. ती झटकन मागे झाली. वाटले, आतून कोणी मोठे माणूस येत असेल, वाट द्यावी. कोणीच आले नाही. दार तिच्यासाठीच उघडले होते. आत सात मजले पुस्तके. यातली किती नेता येतात, असे तिने टेबलाशी बसलेल्या बाईला विचारले, तर हातात मावतील तेवढी, असे उत्तर मिळाले. आपले हात लहान आहेत असे धाकटीला जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी वाटले.

आणि दगडांचे कोठार! तळघरात लांबच लांब खोली, भिंतीला खणांचे खण, प्रत्येक खणात कापसावर ठेवलेला दगड. समुद्राच्या तळाचा, डोंगराच्या पोटातला, आणि एक तर आभाळातून पडलेला, मुठीएवढा, काळा, जळक्या भाकरीच्या कडेसारखा. धाकटीने पायांतले बूट काढायचे तेवढे बाकी ठेवले. तिच्या घरी दगडांत मोठे झालेले लोक होते, पण दगडाला कोणी कापसावर निजवलेले तिने पाहिले नव्हते.

शिकवणाऱ्या प्राध्यापक बाईंचे केस पांढरे, आखूड, आणि चालणे तरण्या पोरीसारखे. त्यांना सगळ्यांनी नावाने हाक मारायची अशी तिथली रीत. धाकटीच्या जिभेला ते काही झेपेना. तेव्हा मनात त्यांना बाई म्हणायचे आणि तोंडाने हाक मारायची वेळ आली की जवळ जाऊन खोकायचे, असा तिने मार्ग काढला. पाच महिन्यांत बाईंना त्या खोकल्याची सवय झाली.

प्रयोगशाळेत तिच्या पुढे दोन वर्षे असलेला एक विद्यार्थी होता. मान लांब, पाठ वाकलेली, चाल डुलती. धाकटीने मनातल्या मनात त्याचे नाव उंट ठेवले होते. माणूस भला होता. त्याचे काम असे की जमिनीच्या खूप खालून काढलेले, पेल्याएवढे गोल दगड दाबयंत्रात घालायचे आणि किती भाराला कोणता फुटतो ते लिहायचे. असे बारा दगड त्याने तीन आठवडे गरम कपाटात वाळत ठेवले होते. त्यांत पाण्याचा थेंबही उरता कामा नये, नाहीतर फुटण्याचा आकडा खोटा येतो. दाबयंत्र साऱ्या विद्यापीठात एकच, त्याची पाळी महिनोन् महिने आधी लावावी लागे. उंटाची पाळी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी त्याने धाकटीला सांगितले, की कपाटातून दगड काढ, त्यांवर आकडे घाल आणि काचेच्या बंद भांड्यात ठेव, मी तासाभरात येतो.

धाकटीने दगड काढले. निवू दिले. एकेक टिचकीने वाजवून पाहिला, त्यावर आकडा घातला. आणि मग ती नळाकडे गेली, स्वच्छ फडके ओले केले, बाराही दगड चहूकडून पुसून काढले, खिडकीशी ओळीने मांडले, आणि समोर स्टूल घेऊन गप्प बसली.

याला कारण होते. तिच्या घरात पाहुण्याला आणि दगडाला आधी पाणी. दगड कितीही देखणा असो, ओल्या फडक्याने पुसून तो सावलीत वाळताना पाहिल्याशिवाय छिन्नी लावायची नाही. अंग वाळत जाते, पण जिथे भेग असेल तिथे पाणी दडून बसते, आणि केसाएवढी काळी रेघ मागे राहते. दगड आपले दुखणे तेवढ्याच वेळात दाखवतो. हे ती चालायला लागल्यापासून करत आली होती. डोके पदवीधर होते, हात मात्र पाथरवटाचे होते, आणि त्या सकाळी डोक्याला विचारायला हात थांबले नाहीत.

तिसऱ्या दगडावर रेघ दिसली. आठव्यावर दिसली. अकराव्यावर तर दोन. तिने पेन्सिलने खुणा केल्या, मनात म्हणाली, बरे झाले बघितले. तेवढ्यात उंट आत आला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. ओल्या दगडांकडे बघत तो दुसऱ्या स्टुलावर बसला आणि "तीन आठवडे" एवढेच म्हणाला.

तेव्हा धाकटीच्या डोक्यात उजेड पडला, आणि पायांखालची फरशी गेली. सहा महिने पुरे व्हायला अठरा दिवस होते. हाताला शिस्त आहे की नाही, एवढेच तर बघणार होते, आणि तिच्या हातांनी दुसऱ्याच्या पिकात गुरे सोडल्यासारखे केले होते. घरून निघताना आई रडली नव्हती. परत गेल्यावर मात्र रडेल, असे तिला वाटले.

ती उठली आणि बाईंच्या खोलीत गेली. त्या दिवशी खोकली नाही. जे झाले ते एका दमात सांगितले, आपल्या बाजूचे काही न लपवता. बाईंनी सगळे ऐकून घेतले, आणि मग तिने मनात आणलाही नसता असा प्रश्न विचारला. किती दगडांत भेगा आहेत?

"तिसरा, आठवा, अकरावा."

"आणि बाकीचे?"

"निकोप."

"खात्री आहे?"

धाकटीची मान आपोआप वर झाली. "आमच्या घरात सात पिढ्या हेच बघतात."

बाई उठल्या. "चल, मग दगडांनाच विचारू."

इस्पितळात माणसाच्या पोटातले दाखवणारे यंत्र असते, तसले एक यंत्र तिथे दगडांसाठी होते. धाकटीने त्याविषयी वाचले होते, पाहिले नव्हते. दोन दिवसांनी बाराही दगड एकामागून एक त्यात गेले, आणि पडद्यावर दगडाचे पोट उघडले. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा चकत्या, वरून खालपर्यंत, आणि दगडाला सुरी लागलेली नाही. आत कण होते, कणांना कडा होत्या, कडांमध्ये गल्ल्या होत्या, वाळूच्या दाण्याएवढी घरे होती. सात पिढ्या ज्याच्या दाराशी बसल्या, त्याच्या आत आज पहिल्यांदा पाऊल पडले होते. आपण इथे कशासाठी आलो आहोत आणि आपले काय होणार आहे, हे ती घटकाभर विसरूनच गेली.

तिसऱ्या दगडात भेग निघाली, पेन्सिलची खूण होती तिथेच. आठव्यात निघाली. अकराव्यात दोन निघाल्या. हे तीन दगड तसेच दाबले असते तर उंटाचे आकडे खोटे आले असते आणि त्याला ते कळलेही नसते. उंट पडद्याकडे बघत मान हलवत राहिला. "हे पाणी दोन वर्षं आधी का नाही घातलंस?" तो म्हणाला, आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी हसले.

मग सातवा दगड आला. बाहेरून गुळगुळीत, धाकटीने निकोप म्हटलेला. त्याच्या बरोबर मधोमध, कुठल्याही कडेला न पोचलेली, एक लांब काळी भेग होती. पाणी तिथवर जाणार कसे? बाई पडद्याकडे नाही, धाकटीकडे बघत होत्या.

"सातवा माझ्या हातून सुटला," धाकटी म्हणाली. "तो मी खोटा सांगितला."

दोन आठवड्यांनी बाईंनी तिला बोलावले. न विचारता दुसऱ्याच्या कामाला हात लावला ही चूक आहे, त्या म्हणाल्या, आणि ती नोंदवहीत लिहून ठेवली आहे. ते बारा दगड तूच पुन्हा वाळवायचे, रोज वजन करून. उंटाने नवी पाळी लावली आहे, तो थांबेल. हे सांगून त्यांनी कागद पुढे सरकवला. चार वर्षांचा होता, खाली त्यांची सही होती. "शिस्त शिकवता येते. सातव्याबद्दल तू जे बोललीस, ते मला कोणाला शिकवता आलेलं नाही."

कागदात लिहिले होते, की इथून पुढे कोठारात येणारा प्रत्येक दगड आधी तिने पाण्याने बघायचा, दिसेल ते लिहायचे, मग यंत्राने बघायचे, आणि दोन्ही ताडून बघायचे. चार वर्षांचे काम ते. धाकटीने काळ्या नखाच्या अंगठ्याने कागद दाबून धरला आणि सही केली.

रविवारी सकाळी तिने घरी फोन लावला. आईला बातमी सांगितली, सातव्या दगडासकट. आईने ती लगेच काकूंना सांगायला नेली. मग वडील फोनवर आले. त्यांनी कागदाबद्दल विचारले नाही. त्यांनी सातव्या दगडाबद्दल विचारले. बाहेरून काहीच नव्हते? अगदी काहीच? वाजवून बघितला होतास? वाजवला होता, ती म्हणाली, सगळ्यांसारखाच वाजला. भेग किती लांब? दोन बोटे. आणि कडेला कुठेच नाही? कुठेच नाही, बाबा.



"तुझा जन्म व्हायच्या आधी," वडील म्हणाले, "विहिरीच्या कमानीचा मधला दगड होता. दीड महिना घडवला. पाणी दाखवलं होतं, वाजवला होता. शेवटच्या दिवशी छिन्नीचा हलका घाव घातला आणि दोन तुकडे झाले. लोक म्हणाले, हात गेला याचा. मीपण तेच म्हणत आलो."

मग त्यांनी हळूच विचारले,

"आतूनच फुटलेला असेल का गं तो?"

"असू शकतो, बाबा. तुकडे असते तर सांगता आलं असतं."

"तुकडे आहेत की. गोठ्याच्या पायरीला लावलेत. रोज पाय देतो त्यांच्यावर." पुढे म्हणाले, "टपालानं दगड पाठवता येतो का तिकडं? विचार त्या बाईंना. आज नको, आज सुट्टी असेल त्यांना. उद्या विचार."