दुपारच्या पहाऱ्याची वीणा

ट्रक देवळासमोरून वळला तेव्हा आप्पा, माझे वडील, उंबऱ्याबाहेर बसले होते. आत सप्ताहाचं भजन चालू होतं, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात होती आणि आप्पा नुसत्या टाळ्यांवर नाम घेत होते. मी केबिनमधून हात केला. त्यांनी टाळी थांबवली नाही, फक्त मान हलवली. उमरग्यापुढं रस्ता सरळ हैदराबादला गेला आणि मीही.

गावकऱ्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून इकडं हैदराबादच्या बस्तीत म्हातारे झालेल्यांनो, आप्पा त्या दिवशी बाहेर का बसले याची जी गोष्ट तुम्ही ऐकलीत, ती खरी नाही.

सप्ताह उठेपर्यंत वीणा भुईला टेकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुपारचा पहारा आप्पांचा. आदल्या दिवशी त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. "भाकर खाऊन येतो. तोवर हलू नको." देवळात मी एकटाच होतो.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. मला हैदराबादच्या गोदामात कामाला लावतो म्हणालेला ड्रायव्हर नळदुर्गाकडून आला होता. मी वीणा खांबाला टेकवली आणि पळालो.

"नळदुर्गात गारा झोडपायल्यात बाबा! धर ही ताडपत्री," तो ओरडला. "अन् उद्या सकाळी तयार ऱ्हा. जागा हाय तुला."

जागा आहे म्हटल्यावर मला दुसरं काही आठवलं नाही. मी दोर आवळत राहिलो. मग गारा आमच्या गावावर आल्या. काढणीला आलेली ज्वारी बघता बघता आडवी झाली. माणसं देवळात धावली, तेव्हा वाऱ्यानं कलंडलेली वीणा आप्पा भुईवरून उचलत होते.

"पहारा कुणाचा हुता?"

"माझा," आप्पा म्हणाले. मी दाराशी ओला उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आप्पाच्या एका भाकरीपायी गावाची भाकर गेली," कुणीतरी म्हणालं. देवाचा कोप झाला, असं ठरलं. त्यानंतर आप्पांच्या गळ्यात वीणा कधीच पडली नाही.

संध्याकाळी ते झोपलेल्या ज्वारीत उभे राहिले, हात जोडले आणि रामकृष्णहरी म्हणू लागले. मी चिडलो. "त्यानं झोडपलं अन् तुम्ही त्याचंच नाव घ्यायलाव?"

"आरं, खळं भरल्यावर बैल बी डोलतोय," आप्पा म्हणाले. "आत्ता तोंडातनं निघालं तर ते खरं."

"मग गावाला तरी सांगतो, वीणा म्या ठेवली म्हणून."

"न्हाय. तू उद्या चाललास. जाणाऱ्याच्या मागं बोल नको. मी हितंच हाय, माझं देव बघून घेईल."

मी ऐकलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच आजवर टोचत आलंय.

इथं पोटभर मिळालं. गोदामात हमालीपासून सुपरवायझरपर्यंत गेलो. नातवंडं आपसात तेलुगू बोलतात, मला आजोबाला हिंदीत "दादा, टीव्ही का आवाज कम करो" म्हणतात. घरात एसी आहे, देवघरावर रंगीत बल्ब आहेत. पण सुखात घेतलेलं नाव माझ्या तोंडात आप्पांच्यासारखं बसत नाही. दुपारी जेवणाचं ताट समोर आलं की भाकर शोधतो, आणि आप्पांची ती भाकर अर्धी राहिली होती का, हे त्यांना कधी विचारलं नाही, याची हळहळ वाटते. आता विचारायला ते नाहीत.

तर ऐका. वीणा मी ठेवली. आणि ती ठेवली त्याच्या आधीच नळदुर्गात गारा सुरू झाल्या होत्या. ढग वीणेच्या आधी निघाला होता. हे त्या दिवशी गावात फक्त मला माहीत होतं. एवढं एक वाक्य बोललो असतो, तर आप्पांवरचा बोल गेला असता आणि देवावरचाही.

यंदा फाल्गुनात सप्ताहाला येतोय. त्याआधी हे देवळात मोठ्यानं वाचा. दुपारच्या पहाऱ्याला वीणा गळ्यात घेणाऱ्यानं एकदा आप्पांचं नाव घ्यावं. मला वीणा देऊ नका. उंबऱ्याबाहेर, जिथं आप्पा बसायचे, तिथली हातभर जागा तेवढी मोकळी ठेवा. माझं घर आता तेवढंच उरलंय. बसेन, टाळी धरेन.