आठ तासांचा अंधार

"माल नकली आहे," संचालक साहेब भर पालकसभेत माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हे आमचे वायरमन. अंतराळवीरांचे दिवे म्हणून बसवून गेले, आणि पोरी वर्गात डुलक्या घेऊन राहिल्या."

वायरमन! माझ्याकडे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे. शिरड शहापुरात जळक्या मोटारींचं वायंडिंग भरण्यापासून इथवर आलोय. स्टेजवर सत्कारासाठी बोलावलंय असं समजून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. समोर पालकांत माझी निम्मी गिऱ्हाइकं, पोल्ट्री शेडचे मालक. 'नकली' हा शब्द तिथून कळमनुरीपर्यंत पोचला असता, तर मला शिडी विकून घरी बसावं लागलं असतं.

झालं होतं असं. साहेबांचं मुलींचं निवासी कॉलेज. कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी स्पेस स्टेशनच्या दिव्यांबद्दल ऐकलं आणि वर्गांत, हॉस्टेलात तसेच बसवायला मला बोलावलं. फिजिक्सच्या कांबळे मॅडमनी मला विषय समजावला. स्टेशन दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. म्हणजे दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. आपल्या शरीरातलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. तिथं ते गोंधळतं, झोप बिघडते. म्हणून आत रंग बदलणारे दिवे: जागं व्हायला निळसर पांढरा, कामाला साधा पांढरा, झोपण्याआधी मंद पिवळट. झोपताना खिडक्या झाकायच्या.

मला हे लगेच पटलं. अंड्याच्या कोंबड्यांना मी हेच करतो. सोळा तास उजेड, आठ तास अंधार. अंधार कापला की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात.

पण माल विकताना जीभ सुटते. मी म्हणालो, "साहेब, निळा मोड लावला की सासऱ्याच्या घरी जेवून आलेला जावई बी ताठ बसतो!" साहेबांनी तेवढंच ऐकलं. दुसरी चूक पासवर्डची. शेडवर सगळेच टायमर हाताळतात, म्हणून मी एक-दोन-तीन-चार ठेवतो. इथंही तोच ठेवला.

सभेत पहिल्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, डोळे मिटले तरी निळंच दिसतंय."

माझं डोकं सणकलं. मी भिंतीवर बसवलेल्या दिव्यांच्या कंट्रोलरची मेमरी उघडली. पहाटे चार ते रात्री साडेबारा, निळा. मंद पिवळट एकदाही नाही. मी साहेबांच्या कानाशी गेलो.

"माइकवर वाचू का?"

"आत चला," साहेब म्हणाले.

आत साहेब, मी आणि मागोमाग कांबळे मॅडम.

"पोरी पेंगत होत्या म्हणून वाढवलं," साहेब म्हणाले.

"झोपू दिलं न्हाई म्हणून पेंगत होत्या. साडेतीन तासच अंधार हाय सध्या. आता किती देता बोला?"

"पाच."

"पाच तासांत माझी कोंबडी अंडं देत न्हाई."

"पोरी कोंबड्या न्हाईत हो!"

"व्हय. कोंबडीला फिजिक्स न्हाई."

"सहा. अंतराळवीर सहाच तास झोपून यान चालवतात."

"सर," मॅडम म्हणाल्या, "त्यांना झोपायला साडेआठ तास दिलेले असतात. झोप लागते सहाच्या आसपास. ती त्यांची तकलीफ आहे, ट्रॉफी नव्हे. काहींना गोळ्या घ्याव्या लागतात."

साहेब पाणी प्यायले. "सात. शेवटचं."

"आठ. हा कोंबडीचा भाव आहे, पोरींना त्याखाली लावणार न्हाई. दहा ते सहा. त्याआधी तासभर मंद पिवळट. आन् बाहेर माइकवर काय बोलायचं ते तुमी ठरवा, न्हाईतर मी ठरवतो."

बाहेर साहेब बोलले, "माल अस्सल आहे. सेटिंग चुकली होती." कोणाची, ते बोलले नाहीत. मीही सोडून दिलं, कारण तेवढ्यात नवा पासवर्ड टाकत होतो. तो मला आणि मॅडमना ठाऊक आहे.

तीन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. पहिल्या तासाला पोरी जाग्या असतात. उलटे प्रश्न विचारून राहिल्यात, साहेब त्यानंही वैतागलेत.

मग गेटवर मोठा बोर्ड लागला: 'अंतराळ तंत्रज्ञानाने झोपेचे नियोजन'. खाली साहेबांचा हसरा फोटो. माझं नाव नाही. मॅडमचंही नाही. त्यावर फोकसचा दिवा बसवायला मात्र मलाच बोलावलं.

बसवला. कनेक्शन हॉस्टेलच्याच टायमरवर घेतलं. रात्री दहाला पोरींबरोबर साहेबही झोपतात.

तेव्हापासून मी दिवा विकताना आधी तो बंद कधी करायचा ते सांगतो. आणि पासवर्ड बदलतो.