तोंडात टाचण्या धरून

आमच्या समोरच्या शिंपीणबाईला सगळी गल्ली टाचणी म्हणते. नाव मीच ठेवलं. नावं ठेवण्यात माझा हात कोण धरणार? अंगानं बारीक, बोलणं टोचणारं. रस्त्यावरचं दुकान सुटलं, मागच्या जिन्यावरची खोली मिळाली आणि गिऱ्हाईक काही जिना चढेना. नवरोबा हळूच म्हणाले, "असंच चाललं तर मशीन विकून टाकू." झालं! बाईसाहेबांनी हट्टानं वेबसाइट करायला घेतली. संध्याकाळचा ऑनलाइन वर्गसुद्धा लावला.

पहिली वेबसाइट मला कौतुकानं दाखवली. गुलाब फिरत होते, कात्री नाचत होती. कपडे कुठे द्यायचे तेवढं सापडत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, वरात झकास आहे, नवरदेव कुठाय?" आठवडाभर माझ्याशी अबोला. वेबसाइटवरून कामही आलं नाही.

मग वर्गातल्या बाईंनी सांगितलं, "कुणाला तरी समोर बसवा, काम सांगा आणि गप्प बघा. माणूस अडला तर चूक पानाची."

टाचणी आणि गप्प? तिनं सासूबाईंच्या हातात फोन दिला. "आई, पँट आखूड करायचीय असं समजा, आणि द्या पाठवून." मग बोलायचा मोह नको म्हणून तोंडात टाचण्या धरल्या, कापड टाचताना धरते तशा. मी होतेच तिथे. बोलावलं नव्हतं, पण होते.

सासूबाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि शेवटच्या बटणापाशी थबकल्या. त्यावर होतं, 'सादर करा'.

"काय सादर करू गं? गाणं?"

"म्म्म!"

"नाच नाही हं जमायचा या गुडघ्यांनी."

टाचणी लालबुंद, पण टाचण्या सुटल्या नाहीत. सासूबाईंनी वैतागून फोन खाली ठेवला. माझी हसून मुरकुंडी वळली.

त्याच संध्याकाळी गुलाब गेले, कात्री गेली. अगदी वर एकच ठसठशीत बटण राहिलं: 'माझे कपडे न्यायला या'. सासूबाईंनी ते चष्मा न शोधता दाबलं.

दोनच दिवसांत कुण्या अनोळखी माणसाचा कोट आला. मग पडदे. मग एका शाळेचे गणवेश, ढीगच्या ढीग! गाठोडी घेऊन जिना चढत होते कोण? नवरोबा! मशीन विकायची भाषा कुठल्या कुठे पळाली.

गणवेश आले त्या दिवशी सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या. "हं, आता करते सादर," म्हणाल्या आणि खणखणीत गाणं सुरू केलं. टाचणीचं तोंड टाचण्यांनी भरलेलं, म्हणून ताल मशीननं धरला.