किडकी वांगी

दुपारचं जेवण झालं की रत्नप्रभाबाई पेपरची पुरवणी छातीवर घेऊन आडव्या होतात आणि दोन ओळींत त्यांचा डोळा लागतो. निवृत्त मास्तरीणबाई त्या. लोकांना जागं करणारे लेख वाचायचे आणि आपण घोरायचं, असं घरचे चिडवतात. आजचा लेखही भाज्यांवरच्या विषारी फवारणीचाच आहे. अक्षरं विरघळायला लागतात, आणि बाई मॉलमध्ये भाजीसमोर उभ्या असतात.

वांगी कशी तुकतुकीत आहेत! पलीकडे तराजू धरून शामदादा बसलाय. त्यांचा थोरला भाऊ, कृष्णाकाठी वांगी पिकवणारा. त्याला जाऊन वर्ष झालं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण तसं तोंडावर कसं म्हणायचं?

"रत्ने, बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे. तू इथे कसा?"

"चल, तुला कायतरी दावतो."

फरशी ओली होते, मऊ होते. दोघं त्याच्या रानात पाटाकडेला उभे असतात. दादा झाडांच्या एका ओळीकडे बोट करतो.

"ही तुझी वळ. हिच्यावर औशदाचा पंप न्हाई मारला. तूच न्हाई का फोनवर त्यो लेख वाचून दावलावतास? लई पटलं बघ. समदं रान सोडणं झेपायचं न्हाई, पर भनीच्या ताटात तरी इख नको."

त्याने घरी आणून दिलेली ती पिशवी रत्नप्रभाबाईंना आठवते. भोकं पडलेली, डागाळलेली वांगी. बाजारात खपली नाहीत ती बहिणीच्या गळ्यात मारली, असं त्या मनात म्हणाल्या होत्या. तो चहा पिऊन गेला आणि पिशवी घंटागाडीत गेली. मग मॉलमधून तुकतुकीत वांगी आली. इतके लेख वाचून बाईंना कीड पाहूनही ती बिनफवारणीची आहेत हे कळलं नाही. महिन्याभरात दादा गेला आणि तेराव्याला वहिनी बोलता बोलता त्या ओळीचं बोलल्या, तेव्हा कळलं.

"भरलं वांगं झालंतं न्हवं ग्वाड?" दादा विचारतो. फोनवरही त्याने हेच विचारलं होतं.

आता तरी खरं सांगावं. बाई तोंड उघडतात.

"छान झालं होतं, दादा."

मेलेल्या भावाशीसुद्धा खोटं! त्यांना स्वतःची किळस येते. दादाचा चेहरा मात्र उजळतो. तो भराभरा वांगी तोडून त्यांच्या पदरात टाकतो.

"घे आनखी. जपून धर, देठाला काटं हाईत."

तेवढ्यात गाणं वाजवत घंटागाडी रानात शिरते आणि बाईंसमोर थांबते. बाई वांगी छातीशी गच्च धरतात.

"दादा, खोटं बोलले मी! टाकून दिली होती तुझी वांगी!"

गाण्याच्या गोंगाटात दादा ओळीतून पुढे निघून जातो. मागे वळून बघत नाही.

बाई दचकून उठतात. पुरवणी खाली पडलेली असते. बोट ठणकतंय. टोकाशी बारीक काटा रुतलाय, वांग्याच्या देठाला असतो तसा.

सून चिमटा घेऊन येते. "आई, हा कशाचा हो? वर्षभर घरात वांगं आणू दिलं नाहीत तुम्ही."

रत्नप्रभाबाई हात मागे घेतात.

"राहू दे गं," त्या म्हणतात. "आजचा दिवस राहू दे."