उल्कान एजेने ऐकलेली शांतता

तलास गावातल्या आमच्या चित्रपटगृहात येणारा माणूस एकवेळ तिकीट विसरेल, पण सूर्यफुलाच्या बिया विसरणार नाही. बी दातांत फोडायची, टरफल पायाशी टाकायचं. 'आत बिया आणू नयेत' अशी पाटी आहे आणि बियावाली त्या पाटीखालीच बसते. खेळ सुटला की हा सगळा पसारा झाडायला उल्कान एजे. अडतीस वर्षं ती हेच करते आहे. एजे म्हणजे थोरली बहीण, आणि ती अख्ख्या गावाची थोरली बहीण असल्यासारखीच बोलते.

मी मेडेर, सिनेमे बनवतो. तेव्हा एकच बनवला होता, सासू-सुनेचा विनोदी, अकरा दिवसांत उरकलेला. पहिल्या रविवारी दुपारचा खेळ भरला. लोक मांड्या थोपटून हसले. निर्माता म्हणाला, "दुसरा भाग काढू. बुधवारी ये सही करायला." मी खूश झालो, पण मनात कुठेतरी पाल चुकचुकत होती.

बाहेर साबीर बाइके, म्हणजे साबीरदादा, भेटले. चाळीस वर्षं इथलं सिनेमाचं यंत्र चालवून निवृत्त झाले, तरी नाक मुरडायला रोज येतात.

"याला सिनेमा म्हणायचं? सिनेमे आमच्या वेळी होते. आता नुसता बाजार!"

माझं तोंड उतरलं. तेवढ्यात आतून एजे कडाडली, "बाइके, पुरे झालं! तुमच्या वेळच्या त्या ट्रॅक्टरच्या सिनेमाला पाच बादल्या टरफलं निघाली होती. चांगले तेवढे तुम्ही लक्षात ठेवलेत. वाईट सगळे मी बाहेर नेऊन ओतले!"

बाइके टोपी सारखी करत निघून गेले. मी हसत आत गेलो. "आणि माझ्या सिनेमाला किती, एजे?"

"तीन."

"काय सांगता! लोक किती हसले!"

"हसले की. हसले, बी फोडली, पुन्हा हसले, पुन्हा फोडली. माणूस रंगला ना, की त्याचं तोंड थांबतं, बी मुठीतच राहते."

माझे कान तापले. "तुम्ही झाडा, एजे. सिनेमातलं मला कळतं," मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

ती रागावली नाही. "मी दाराबाहेर उभी असते. पडदा दिसत नाही, पण बिया फोडल्याची कटकट ऐकू येते. तुझ्या सिनेमात ती एकदाच थांबली. एवढी थांबली की काय झालं म्हणून मी आत डोकावले. म्हातारा बाप चुलीपाशी बसून मुलीचे बूट शेकत होता. मुलगी मॉस्कोला कामाला निघालेली."

चाळीस सेकंदांचा तो तुकडा निर्मात्याला नको होता, हसू येत नाही म्हणून. मी भांडून ठेवला होता, आणि का ते मलाही सांगता येत नव्हतं. ते या बाईने दाराबाहेरून ओळखलं.

बुधवारी मी सही केली नाही. घरच्यांनी वेड्यात काढलं. दोन वर्षं लोकांच्या लग्नांची चित्रणं करून पोट भरलं आणि त्या म्हाताऱ्याचा सिनेमा पुरा केला. एजे तेव्हा गोड बोलून मोकळी झाली असती, तर मी आज सासू-सुनेच्या सातव्या भागात असतो. तिचे उपकार फिटणारे नाहीत.

नवा सिनेमा लागला तेव्हा सभागृह अर्धंच भरलं. मी दाराबाहेर उभा राहिलो, कान लावून. सुरुवातीला कटकट जोरात होती. मग विरळ झाली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

दिवे लागले, लोक पांगले. साबीर बाइके माझ्या खांद्यावर थोपटून गेले. झाडायला मात्र कोणी येईना. बघतो तर एजे शेवटच्या रांगेत, खुर्चीवर बसलेली.

"एजे, सिनेमा बिघडलाय का?"

तिने नकारार्थी मान हलवली. डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"माझी लेक ऐझादा सहा वर्षं मॉस्कोत दुकानाच्या फरशा पुसतेय. ती निघाली तेव्हा मी म्हटलं, आटप लवकर, गाडी चुकेल. तिचे बूट ओले होते, मेडेर. मला दिसत होतं, ओले होते ते."

मी म्हणालो, "सिनेमा तिला पाठवतो, एजे. आजच पाठवतो."

"पाठव, पण उद्या." ती खिशात फोन चाचपत उठली. "आज तिला मी सांगते. बुटांचं तिने आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं."